शाळेच्या समुपदेशकांशी मूल जे बोलतं, ते आईवडिलांना कळावं की नाही?

नौपाडाकर

विषय नाजूक आहे, पण शनिवारच्या पालकसभेत यावरून इतकी जुंपली की इथे मांडतोच.

आमच्या मुलीच्या शाळेत (आठवी, ठाणे पश्चिम, नाव राहू दे) यंदा पूर्णवेळ समुपदेशक आल्या आहेत. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये निर्देश दिले. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. इथवर कुणाची तक्रार नाही.

वाद पेटला तो शाळेच्या परिपत्रकातल्या एका ओळीवरून. 'विद्यार्थ्याने समुपदेशकांना सांगितलेली माहिती गोपनीय राहील; कुणाच्या जिवाला धोका असल्यासच पालकांना कळवण्यात येईल.'

मला हे मान्य नाही. मूल अठराच्या आतलं. दाढ काढायची तरी डॉक्टर आमची सही घेतात. पोरगी जेवत नाही, दार लावून बसते, हे आम्ही बघतो. मॅडम तिला आठवड्यातून अर्धा तास बघणार. मग निस्तरायचं ज्यांना आहे त्यांनाच अंधारात ठेवायचं? आणि 'जिवाला धोका' ही फार शेवटची पायरी झाली. तिथपर्यंत आम्ही वाट बघायची?

ऐरोलीकरीण

मी नवी मुंबईतल्या दोन शाळांत समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे बाजू घेऊनच बोलणार.

सहावी-सातवीच्या पुढची मुलं पहिल्यांदा येतात तेव्हा स्वतःचं काही सांगतच नाहीत. 'मॅडम, माझ्या एका मैत्रिणीला असं असं होतंय' इथून सुरुवात. त्या मैत्रिणीची नीट विचारपूस झाली की हळूहळू मैत्रीण बाजूला होते आणि 'मला' सुरू होतं. ह्या मधल्या काळात एक गोष्ट जरी घरी पोचली, तर ती मुलगी परत येत नाहीच, शिवाय मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्गाला कळतं की मॅडम घरी सांगतात. वर्षाचं काम बसलं.

गुप्तता म्हणजे सगळं पोटात ठेवणं नव्हे. पहिल्याच भेटीत मी सांगते: तू स्वतःला इजा करणार असशील, तुला कुणी करत असेल किंवा तू कुणाला करणार असशील, तर मी गप्प बसणार नाही. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, नाही कळवलं तर शिक्षा मला. बाकीच्यात विचारते, 'आईला सांगायचं का? तू सांगतेस की दोघी मिळून सांगू?' वेळ लागतो, पण बहुतेक जण हो म्हणतात. घरी कळायला नको, असं त्यांचं नसतंच. ओरडा न खाता कळावं, एवढंच असतं.

नौपाडाकर

@ऐरोलीकरीण, मॅडम, तुमचं 'बहुतेक' हो म्हणतात. उरलेल्यांचं काय? त्यांच्याच आईबापांना कळण्याची जास्त गरज नाही का?

घोडबंदर_सव्वासहा

घरी कळवा म्हणताय, पण घरी असतं कोण? आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सव्वासहाला स्कूलबस, साडेसातला आई ठाणे स्टेशनकडे, पावणेआठला बाप. दुपारी मूल लॅचची चावी घेऊन घरी, चारला क्लास, आणि माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून सुटून आईबाप पोचतात तेव्हा नऊ वाजलेले असतात. त्यात गुप्त काय आणि उघड काय!

चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी भरवू नका, असा सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे कारण. बरं झालं. पण पाचवीतल्या पोराला झोपेची गरज नसते का? मोठ्यांची शाळा आमच्याकडे अजून सातलाच. समुपदेशक नेमण्याआधी पोरांना तासभर जास्त झोपू द्या, निम्मी चिडचिड तिथेच जाईल. याला खर्च शून्य.

ऐरोलीकरीण

झोपेबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्याकडे 'लक्ष लागत नाही' म्हणून पाठवलेल्या मुलांना पहिला प्रश्न हाच असतो, रात्री किती वाजता झोपलास. पण शून्य खर्च कसा? बस दोन फेऱ्या करते, पहिली मोठ्यांची, दुसरी छोट्यांची. वेळ बदलली की बसवाल्याचं आणि आईच्या लोकलचं, दोन्ही गणितं बिघडतात. छोट्यांचे नऊ झाले तेव्हा ओरड शाळांपेक्षा नोकरी करणाऱ्या आयांनीच जास्त केली होती, आणि त्यांचंही चूक नव्हतं.

तलावपाळी

कळव्याच्या अनुदानित शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त. थोडं कडू बोलतो.

निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. म्हणजे माझ्या साठच्या वर्गात चारएक. ती चार कोण, हे वर्गशिक्षकाला जूनअखेर कळतं. अक्षर बिघडतं, डबा उघडत नाही, शेवटच्या बाकावर सरकत जातं. पूर्वी आम्ही घरी जाऊन यायचो, कळव्याच्या चाळीत चहा घेताना जे कळायचं ते कुठल्या फॉर्मवर येत नाही. आता काय झालंय, वर्गशिक्षक चिठ्ठी लिहितो, 'समुपदेशकांकडे पाठवले', आणि त्याची जबाबदारी संपते. शिक्षकालाही दोष देत नाही, त्याला निवडणुकीपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत सगळं लावलंय. पण पंचवीस वर्षं मुलांशी बोलणाऱ्या माणसाला बाजूला सारून दुसऱ्या माणसाला खोली दिली म्हणजे मुलांचं मन सांभाळलं, हे मला पटत नाही.

आणि मुलाच्या घरचं शाळेला आणि शाळेतलं घरी कळत होतं, म्हणूनच आमच्या वेळी निभावलं.

दिघ्याची_ताई

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून: निभावलं कुणाचं?

मी दिघा आणि तुर्भ्याच्या वस्त्यांमधल्या मुलींसोबत काम करते. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं. तिथे मुलीला आपलं म्हणून बोलायला शाळेशिवाय जागा नाही. नववीतली मुलगी सांगते, बसस्टॉपवर एक मुलगा रोज मागे येतो, भीती वाटते. तिची काहीच चूक नाही. हे घरी कळलं की काय होतं? मुलाला कुणी शोधत नाही. मुलीची शाळा बंद, फोन काढून घेतला, आणि गावाकडे स्थळं बघायला सुरुवात. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

नौपाडाकर, तुम्ही तसे वडील नाही हे मान्य. पण नियम एकट्या तुमच्या घरासाठी होत नाही.

नौपाडाकर

ताई, हा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण वाईट पालकांना धरून चांगल्यांनाही तोच नियम लावायचा, याला माझा आक्षेप आहे. मग समुपदेशकांनी घर बघून ठरवावं.

दिघ्याची_ताई

तेच तर त्या करतात! मुलीला विचारून, घर समजून घेऊन. तुम्हाला मात्र ते विचारणंच नको आहे, थेट फोन हवाय.

नेरूळ_सेक्टर_दहा

एक बारीक गोष्ट कुणी बोलत नाहीये. सुप्रीम कोर्टाच्या त्याच निकालात गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, झेपणार नाहीत अशी लक्ष्यं लादू नका, असंही आहे. रोख मुख्यतः कोचिंग क्लासवर, पण निर्देश सगळ्याच संस्थांना. आमच्याकडच्या पालकसभेत गोपनीयतेवर तासभर भांडण झालं आणि 'अ तुकडी' बद्दल एक चकार शब्द नाही. उलट 'आमच्या मुलाला अ मध्ये कधी घेणार' हे विचारायला रांग.

कोर्टनाका

वकिली करतो, म्हणून कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. कलम २३ रुग्णाच्या माहितीला गोपनीयता देतं, इजा टाळण्यासारखे अपवाद सोडून. अल्पवयीनाच्या बाबतीत पालक हेच सहसा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणारे, आणि त्यांना उपचारासाठी लागणारी माहिती मिळते. म्हणजे नौपाडाकरांची बाजू कायद्यात अगदीच पोकळ नाही.

पण गोम अशी, की ह्या कायद्यातली 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' ही व्याख्या मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगैरेंची आहे. शाळेतले पुष्कळ समुपदेशक त्यात बसतच नाहीत. तेव्हा रोजच्या व्यवहारात चालतं ते शाळेचं स्वतःचं लेखी धोरण. परिपत्रकातल्या त्या एका ओळीवर भांडताय ते योग्यच आहे, फक्त एका ओळीवर थांबू नका.

तलावपाळी

म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स केलेली व्यक्तीही समुपदेशक, आणि तिला आईबापांपासूनही गुप्तता. वा!

ऐरोलीकरीण

सर, पात्रता नसलेल्यांना नेमू नका म्हणा, मी तुमच्या बाजूने सही करते. मी एम.ए. मानसशास्त्र आणि नंतर शालेय समुपदेशनाची पदविका केली आहे. पण वाईट डॉक्टर असतात म्हणून दवाखाने बंद करत नाही आपण.

अकरावी_सायन्स

मी विद्यार्थी आहे. वाचत होतो, राहवलं नाही.

दहावीत असताना प्रिलिमच्या आधी मी आमच्या समुपदेशक मॅडमकडे गेलो होतो. झोप येत नव्हती, पेपर बघितला की हात थरथरायचे. मॅडम चांगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात पर्यवेक्षक सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'काय रे, टेन्शन आलंय म्हणे?' मित्र हसले. एक जण म्हणाला, 'ह्याला ठाण्याला भरती करा.' आम्ही राहतो ठाण्यातच, मनोरुग्णालयापासून चालत दहा मिनिटांवर, तरी हा जोक चालतो. त्यानंतर गेलो नाही.

आईबाबांना मीच सांगितलं शेवटी. ते ओरडले नाहीत. त्यामुळे घरी कळावं का नाही, यावर तुम्ही एवढे भांडताय ते मला जरा विचित्र वाटतंय. घरच्यांना कळायच्या आत स्टाफरूमला कळलेलं असतं.

दिघ्याची_ताई

हे वाचून धाग्याचं शीर्षकच बदलावंसं वाटतंय.

नौपाडाकर

शीर्षक नको बदलायला, पण हा मुद्दा आमच्या सभेत कुणालाच सुचला नव्हता. मलाही. आता तर माझी बाजू पक्की झाली: पर्यवेक्षकांना कळतं तर मला का नाही?

ऐरोलीकरीण

@अकरावी_सायन्स, सांगितलंस ते फार बरं केलंस. तुझ्या मॅडमनी सांगितलं की कुणी रजिस्टर उघडून वाचलं, मला माहीत नाही, पण हे व्हायला नको होतं.

नौपाडाकर, उत्तर उलट आहे हो. पर्यवेक्षकांनाही कळता कामा नये. मी नव्या शाळेत जाते तेव्हा ह्याच गोष्टींवर अडून बसते. नोंदींचं कपाट वेगळं, किल्ली माझ्याकडे. मुख्याध्यापकांना महिन्याला किती मुलं आली तो आकडा, नावं नाहीत. तासाला शिपाई पाठवून 'अमुक तमुकला समुपदेशक मॅडमनी बोलावलंय' असं वर्गात ओरडायचं नाही. खोली ऑफिसशेजारी नको. एका शाळेने मला काचेचं दार दिलं होतं, फी भरायला आलेले सगळे पालक आत कोण बसलंय ते बघायचे. आणि ऑफ तासाला मला वर्गावर पाठवायचं नाही. सकाळी ज्या मुलाला मी वर्गात 'गप्प बस' म्हटलं, तो दुपारी माझ्याकडे मन मोकळं कसं करणार?

ह्यातल्या प्रत्येकावर शाळांशी भांडण होतं. ऑफ तासावर सगळ्यात जास्त.

घोडबंदर_सव्वासहा

रात्रीचं काय पण? शाळा दोनला सुटते. पोरांना भरून येतं ते रात्री अकराला.

ऐरोलीकरीण

टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पालकांनीही करावा, फक्त मुलांसाठी नाही तो. मूल संकटात असेल, घरातच मारहाण होत असेल, तर चाइल्डलाइन १०९८. कोर्टाने हेल्पलाइनचे नंबर वर्गांत आणि शाळेच्या वेबसाइटवर ठळक लावायला सांगितलेत. उद्या मुलांना विचारा, भिंतीवर दिसतात का.

आणि ठाण्यातल्यांनी तरी पैशांचं कारण लगेच देऊ नये. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून ठाण्यात आहे, आणि त्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. जोक करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

नौपाडाकर

ठीक. पुढच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी दोन गोष्टी लेखी मागणार. एक, नोंदी कोण वाचू शकतं याची यादी, त्यात पर्यवेक्षक नकोत. दोन, पालकांना कधी कळवणार हे 'जिवाला धोका' इतकं मोघम नको, सविस्तर हवं. सलग न जेवणं, शाळेला दांड्या, कुणी छळत असेल तर, हे त्यात हवंच. वय तेराच्या खाली असेल तर सगळंच कळवा, यावर मी अजून ठाम आहे.

दिघ्याची_ताई

दुसऱ्याला माझा विरोध राहील. यादी जितकी लांब, तितकी मुलं गप्प. आणि तेराच्या आतल्या मुलींचं मी वर सांगितलं त्याहून वेगळं नसतं.

तलावपाळी

पहिली मागणी योग्य. तिच्यात वर्गशिक्षकाला मात्र ठेवा.

अकरावी_सायन्स

वर्गशिक्षक पण नको, सर. सॉरी.

नौपाडाकर

@ऐरोलीकरीण, गुण एकदम घसरले तर? ते कळवण्याच्या यादीत धरायचं ना?

ऐरोलीकरीण

नाही. गुण तुम्हाला ॲपवर माझ्या आधी कळतात.