मदत हवी आहे: केंद्रातल्या शिक्षकांनी मिळून तंत्रज्ञान शिकायचं कसं?

डोंगरवाट

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. डोंगराळ तालुका, केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) बहुतेक शाळा द्विशिक्षकी. लोकवर्गणीतून म्हणा, ग्रामपंचायतीच्या निधीतून म्हणा, जवळजवळ प्रत्येक शाळेत टीव्ही नाहीतर प्रोजेक्टर आलाय. तो चालूही आहे. म्हणजे कवितेचा व्हिडिओ लागतो, मुलं तालावर डोलतात आणि तास संपतो.

प्रशिक्षणं झाली नाहीत असं नाही. दीक्षा या सरकारी पोर्टलवर ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स झाले, प्रमाणपत्रं फाईलला लागली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितलाय, तेही तास कागदावर भरतात. इकडे कोर्सचा व्हिडिओ चालू आणि तिकडे पोषण आहाराची माहिती भरणं चालू, हे इथल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. अशा कोर्समधून कुठलं बटण कुठे आहे ते कळतं. पण 1/3 हा 1/4 पेक्षा मोठा का, हे पाचवीच्या पोराला पडद्यावर नेमकं काय दाखवलं की उमगेल? ते मला शेजारच्या गावच्या बाई जास्त चांगलं सांगू शकतील. पुस्तक तेच, मुलंही तशीच.

म्हणून आम्ही काही जण गट करून एकमेकांकडून शिकायचं म्हणतोय. पण सुरुवात कुठून करायची तेच कळेना. दुसऱ्याचा पाठ बघायला जायचं तर इकडे एकट्या शिक्षकावर सगळे वर्ग पडतात. केंद्रात एक तंत्रस्नेही सर आहेत, पण ‘सर, तेवढी माझी ऑनलाइन माहितीची लिंक भरून द्या ना’ यातच त्यांचा दिवस जातो. व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणी छान काही टाकलं की तासाभरात ते ‘तातडीचे’ आणि वाढदिवसांच्या खाली गडप. आणि एक ज्येष्ठ गुरुजी आहेत, त्यांच्यासारखं गणित शिकवणारं तालुक्यात कोणी नाही, पण ते चारचौघांत लॅपटॉपला हात लावत नाहीत.

कोणी असा गट खरोखर चालवलाय का?

जुना केंद्रप्रमुख

ताई, पाठ बघायला शाळेच्या वेळेत जाऊच नका. शनिवारी सकाळची शाळा असते ना? जवळच्या तीन-चार शाळांनी दुपारी एका शाळेत जमायचं. त्या गावची थोडी मुलं आनंदाने थांबतात, फक्त पालकांना आधी सांगून ठेवा आणि खाऊची सोय करा. शिवाय केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याची शिक्षण परिषद आहेच. तिथे निम्मा वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो. ती गटावर पाठवा आणि तो वेळ आम्हाला द्या, असं केंद्रप्रमुखांना सरळ सांगा. माझ्याकडे कोणी असं मागितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे काही केंद्रांचा गट) राज्यभरातून शिक्षक वर्ग बघायला जात असत. चालू वर्गात बसून जे कळतं ते सभागृहातल्या भाषणातून कळत नाही. जपानमध्ये तर ही शंभर वर्षांहून जुनी रीत आहे, ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात. शिक्षक मिळून एक पाठ बेततात, एकजण घेतो, बाकीचे बघतात, मग दुरुस्त करून पुन्हा घेतात. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे घेणाऱ्याची उलटतपासणी होत नाही. आपल्याकडे पाठ निरीक्षण म्हटलं की साहेबांचं शेरेबुक आठवतं. ती भीती आधी घालवा.

रोखठोक

आधी अशैक्षणिक कामं थांबवा म्हणावं. मतदार याद्या, सर्वेक्षणं, रोजची एक नवी लिंक. शनिवारची दुपार तेवढी उरली होती, तीही द्या आता.

गणितवेडी

रोखठोक, रागाशी सहमत. पण कामं थांबेपर्यंत वाट बघायची तर माझी निवृत्ती येईल.

डोंगरवाट, तुम्ही स्वतःच विषय दिलाय की! ‘तंत्रज्ञान शिकू या’ म्हणून गट जमवलात तर पुन्हा तंत्रस्नेही सर बोलणार आणि बाकीचे माना डोलावणार. त्याऐवजी 1/3 आणि 1/4 एवढंच घ्या. मुलांना 1/4 मोठा वाटतो कारण 4 मोठा. जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट आहे, उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. स्लायडर सरकवला की छेद वाढतो आणि पट्टीचा भाग बारीक होत जातो. मात्र स्लायडर हलवायच्या आधी थांबायचं आणि ‘आता काय होईल?’ विचारायचं. हे न विचारता दाखवलं तर तो नुसता आणखी एक व्हिडिओ.

कुठे थांबायचं आणि काय विचारायचं, ते तुमचे गुरुजी ठरवतील. माऊस तरुण शिक्षकाच्या हातात. आमच्याकडे अशाच जोड्या लावल्या आणि ज्येष्ठांचा संकोच आपोआप कमी झाला, कारण पाठाची सूत्रं त्यांच्याकडे होती. बघणाऱ्यांनी मागे ओळीने बसायचं नाही. प्रत्येकाने दोन-तीन मुलांजवळ बसून ती काय बोलतात, कुठे अडतात ते लिहायचं. नंतरची चर्चा त्याच नोंदींवर.

शेवटी मुलांना कळलं का ते बघायला प्लिकर्स हे अ‍ॅप वापरा. मुलांच्या हातात छापील कार्ड, ते फिरवून अ, ब, क, ड यातलं उत्तर द्यायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते दिसतं. वर्गात एक फोन आणि त्याचं नेट एवढं पुरे. प्रत्येक कार्ड वेगळं असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून फिरवता येत नाही.

लिनक्सवाला

साठवणीबद्दल: कोलिब्री हे शैक्षणिक साहित्याचं सॉफ्टवेअर बघा. मोफत आहे. एका लॅपटॉपवर टाकलं की त्याच्या वायफायवरून बाकीच्या टॅबवर इंटरनेटशिवाय साहित्य उघडतं, आणि आपण केलेलं साहित्यही त्यात घालता येतं. सुरुवातीला तेवढाही उपद्व्याप नको असेल तर केंद्राचा एक पेनड्राइव्ह ठेवा. इयत्ता, विषय, घटक असे फोल्डर, आणि प्रत्येक फाईलसोबत ‘मुलं कुठे अडली’ अशी चार ओळींची नोंद. नोंद नसेल तर फाईल घ्यायची नाही.

डोंगरवाट

सगळ्यांचे आभार. केंद्रप्रमुखांशी सोमवारी बोलते. गुरुजींना अपूर्णांकांचे प्रश्न काढून द्यायला सांगितलं, तर लगेच वही काढली त्यांनी! एक शंका: जे शनिवारी येऊ शकणार नाहीत त्यांच्यासाठी पाठाचं चित्रीकरण करावं का?

जुना केंद्रप्रमुख

करा, पण कॅमेरा फळ्यावर, पडद्यावर आणि शिक्षकाच्या हातांवर. मुलांचे चेहरे नकोत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. चेहरा येणारच असेल तर आधी लेखी संमती घ्या आणि ते यूट्यूबवर मुळीच चढवू नका.

डोंगरवाट

बरं झालं विचारलं. गणितवेडी ताई, ती कार्डं साध्या कागदावर छापली तर चालतील ना?

गणितवेडी

साधा कागद मुलांच्या हातात वाकतो, मग कॅमेरा ओळखत नाही. पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड परावर्तित होतो. आणि कार्डावरच्या काळ्या आकृतीवर बोट येणार नाही असं कार्ड धरायला आधी शिकवा, पहिल्या दिवशी वेळ त्यातच जातो.