रॉकेटचा गेम खेळून कानातले आवाज कमी होतात का? (भावासाठी विचारते आहे)

सोलापूरची_मोठी:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन पाच वर्षं झाली. गोळ्यांनी संशय ओसरला, झोप लागते, पण आवाज गेले नाहीत. समोर नसलेले दोन पुरुष त्याच्या प्रत्येक हालचालीवर बोलत असतात. "बघ, आता चहा सांडणार." तो ताट घेऊन गच्चीवर जेवायला जातो, तिथे कमी ऐकू येतं म्हणतो.

मामांनी बातमी पाठवली की लंडनमध्ये रॉकेटचा गेम खेळवून रुग्णांचे आवाज कमी केले. इथल्या एका सेंटरमध्ये चौकशी केली, तर डोक्याला पट्टा लावून "तेच ब्रेन ट्रेनिंग", २० सेशनचे ४० हजार, आणि हळूहळू गोळ्या बंद करू म्हणाले. आई पाटल्या मोडायला निघाली आहे. कुणाला अनुभव आहे का?

मुद्रितशोधक:
ताई, आधी आईंना पाटल्या परत कपाटात ठेवायला सांगा. मला १४ वर्षं आवाज येतात, म्हणून लिहितो आहे.

लंडनचा तो प्रयोग खरा आहे. किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी तो केला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. माणसं फक्त १२. एमआरआयच्या बोगद्यात पडून समोर रॉकेट दिसायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकताना मेंदूचा जो भाग जागा होतो, त्याची हालचाल कमी झाली की रॉकेट खाली उतरायचं. ती कमी कशी करायची हे कुणी सांगत नव्हतं, ज्याने त्याने आपली युक्ती शोधायची. अशा चार खेपा झाल्या. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे गुण नेमका कशाचा ते ठरत नाही. एमआरआय त्या ठरावीक भागातला रक्तप्रवाह बघतो, तर पट्टा कवटीच्या वरून विजेच्या लहरी टिपतो. त्याला "तेच" म्हणणं खोटं आहे. आणि गोळ्या बंद करू म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. मी एकदा स्वतःच्या मनाने बंद केल्या होत्या. सहाव्या आठवड्यात मला बायकोचा आवाजही खरा की आतला ते कळेना.

मला ज्याने आधार दिला ते सांगतो. आपण मनात बोलतो तेव्हा मेंदू ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवतो की हे माझंच आहे. ती वर्दी पोचली नाही तर स्वतःचंच बोलणं परक्याचं वाटतं, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. २००० साली एका अभ्यासात दिसलं की असे आवाज ऐकणाऱ्यांना स्वतःच्या स्पर्शानेही दुसऱ्याने केल्यासारख्या गुदगुल्या होतात. ते वाचलं त्या रात्री मी डाव्या तळहातावर पेन्सिल फिरवली. झाल्या. मी खूप रडलो, कारण मी वेडा नाही, एक वर्दी चुकते आहे, हे पहिल्यांदा हाताला कळलं.

माझं काम प्रुफं वाचायचं. आवाज "चुकलं, चुकलं" सुरू झाला की मी ओळ ओठांत पुटपुटत वाचतो. तोंड आणि घसा कामाला लागले की तो मागे सरतो. गुणगुणण्याने अनेकांचे आवाज तेवढ्यापुरते कमी होतात, हे १९९०च्या सुमाराला तपासलं गेलं आहे. सगळ्यांना लागू पडत नाही. भावाला गच्चीवर ताट नेताना एखादा अभंग गुणगुणून बघू दे, आणि काय होतं ते आठवडाभर वहीत लिहू दे.

वॉर्ड_सोशलवर्कर:
वरच्या दादांशी सहमत. डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: क्लोझापिन या औषधाचा विचार झाला आहे का? दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही आवाज राहिले तर ते देतात. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, म्हणून लोक कचरतात. टीडीसीएस म्हणजे डोक्यावरून सौम्य वीजप्रवाह देण्याच्या उपचारावर बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत बरंच काम झालं आहे. निकाल संमिश्र आहेत, पण विचारायला हरकत नाही. लंडनमध्येच तपासलेला आणखी एक उपचार म्हणजे अवतार थेरपी. आवाजाला संगणकावर चेहरा देतात, थेरपिस्ट त्यातून बोलतो आणि रुग्ण उलट उत्तर द्यायला शिकतो. १५० जणांच्या चाचणीत १२ आठवड्यांनी ती समुपदेशनापेक्षा सरस ठरली, २४ आठवड्यांनी तो फरक उरला नाही.

आवाज इजा करायला सांगू लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सोलापूरची_मोठी:
सेंटरला नकार कळवला. आई अजून रागावलेली आहे. भावाला सगळं वाचून दाखवलं. पेन्सिलीच्या ओळी त्याने परत वाचायला लावल्या. मग म्हणाला, त्या दादांना विचार, त्यांना कोण बोलतं?

मुद्रितशोधक:
सांगा त्याला, माझी वारलेली आत्या. "चुकलं" म्हणते, रात्री "नळ बंद केलास का" विचारते. चेन्नईत झालेल्या एका अभ्यासातही अनेकांनी घरच्यांचेच, कामं सांगणारे आवाज सांगितले होते, तेव्हा मला जरा सोबत वाटली. त्याच्या त्या दोघांबद्दल त्याला लिहावंसं वाटलं तर इथेच लिहू दे. मी रात्री नऊनंतर असतो.