ओढा, नाला की ओहोळ? निमित्त आंबील ओढा

ओढाळ:
परवा पुण्यात दांडेकर पुलावर रिक्षा अडकली. रिक्षावाले काका खाली बघत म्हणाले, "नाल्याचा वास आज जरा जास्तच येतोय." पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच विचारलं होतं, "आंबील ओढ्याकडून घेऊ का?" म्हणजे पत्ता सांगताना ओढा आणि वास आला की नाला! या शब्दांत नेमका फरक काय?

सासवडकर:
आमच्या गावातली उतरंड सांगतो. पाऊस थांबल्यावर तासाभरात आटतो तो ओघळ. पावसाळाभर शेताच्या कडेने वाहतो तो ओहोळ. ज्याला स्वतःचं पात्र आणि बहुतेकदा स्वतःचं नाव असतं, तो ओढा. पूर ओढ्याला येतो, ओहोळाला कोणी पूर म्हणत नाही.

व्हाळाकाठचा:
मालवणकडे यायचं तर व्हाळ म्हणा. थोडं वर रत्नागिरीकडे पऱ्ह्या. 'ओढा' आम्हाला शाळेच्या पुस्तकातच भेटला. व्हाळ हा गावंढळ अपभ्रंश नव्हे बरं का. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात वहाळ आणि वोहळ दोन्ही आहेत. गंगेला मिळेपर्यंतच त्यांचं वहाळ-वोहळपण, असा तो दृष्टांत.

पद्मावतीकर:
आंबील ओढ्याच्या काठावर वाढलोय, म्हणून जरा लांबवतो. हा कात्रजच्या डोंगरातून निघतो, कात्रजच्या तलावांतून पुढे पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर करत पर्वतीच्या पायथ्याशी येतो आणि दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. पण ही त्याची मूळ वाट नाही. जुनं पुणं, म्हणजे कसबा, दोन प्रवाहांच्या मध्ये वसलं होतं. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबील ओढा. पेठा पश्चिमेकडे वाढवायच्या तर ओढा आडवा येत होता, म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीजवळ बांध घालून त्याला वळवलं. तिथे तळं झालं. आज सारसबागेतल्या गणपतीला 'तळ्यातला गणपती' म्हणतात ते त्यामुळेच. तळं गेलं, शब्द राहिला.

त्याच काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरातल्या हौदांत पाणी आणलं. त्या नळावर हवा सुटायला ठिकठिकाणी दगडी मनोरे आहेत, त्यांचं नाव 'उच्छ्वास'. पाण्याच्या कामाला इतका सुंदर शब्द मी दुसरा ऐकलेला नाही. (विषयांतर झालं, पण राहवलं नाही.)

तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हा ओढा लोकांच्या घरांत शिरला. माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत एकानेही 'नाल्याला पूर आला' म्हटलं नाही. सगळ्यांच्या तोंडी 'ओढा आला'.

ओढाळ:
हे फारच नेमकं. मुंबईची मिठी नदीही २६ जुलै २००५ च्या पुरापर्यंत कित्येकांच्या लेखी नालाच होती. आणि 'आंबील'चं काय? आपली नाचणीची आंबील?

सासवडकर:
नाव जुळलं म्हणून उगम जुळवू नये. अशा गोष्टी रचायला पुणेकरांना एक दुपार पुरते.

वऱ्हाडी ठेचा:
तुम्ही सगळे नाल्यावर उगाच घसरताय. आमच्याकडे शेताजवळून स्वच्छ पाणी वाहतं त्यालाही नालाच म्हणतात, बैल तिथंच पाणी पितात. सरकारी कामं बघा: 'सिमेंट नाला बांध', 'नाला खोलीकरण'. त्यात गटार कुठून आलं? संस्कृतात नाल म्हणजे पोकळ देठ, नळी. घाण शब्दात नव्हती, शहरांनी त्यात सोडली.

पद्मावतीकर:
मान्य. पण पुण्यात 'नाला' म्हटलं की पुढचे शब्द 'सफाई' आणि 'अतिक्रमण' हेच येतात. ओढ्याकाठी माणूस बसतो, नाल्यावर स्लॅब टाकतो.

ओढाळ:
मग नागझरीला कोणी ओढा म्हणतं का?

रास्ता पेठ:
छे! नुसती नागझरी, आणि तीही बाई. 'नागझरीला पाणी आलं', 'नागझरीच्या पलीकडे', दारूवाला पूल नागझरीवरचा, त्रिशुंड गणपती नागझरीच्या काठचा. 'आंबील'ला ओढा जोडावा लागतो, नाहीतर लोक वाटी घेऊन येतील. 'झरी'त पाणी आधीच आहे. तरी पाट्यांवर आणि कागदावर 'नागझरी नाला' लिहितातच. झरीचा नाला!