ओव्हरफ्लोला मराठीत काय टाकू?

जुळे सोलापूर: डिप्लोमाच्या पोरांसाठी प्रॅक्टिकलच्या नोट्स मराठीत करायलोय. इंटिजर ओव्हरफ्लोला (पूर्णांक ठरलेल्या बिटांत मावेनासा होणं) 'संख्या उतू जाणे' लिहिलं तर आमचे एक सर म्हणाले, गावठी वाटतं, 'अतिप्रवाह' लिहा.

सात रस्ता: अतिप्रवाह म्हटलं की पोरं सीनेला पूर आला समजतील. उतू जाणं झकास.

शेळगी: मला नाही पटत. उतू गेलं की दिसतं तरी. नमपायच्या (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) अ‍ॅरेत (आकड्यांच्या यादीत) आठ बिटचा १२७, म्हणजे त्यात मावणारा सगळ्यात मोठा, घ्या, १ मिळवा, गुपचूप −१२८ येतं, एरर नाही वॉर्निंग नाही (दोन सुटे आकडे असले तर निदान वॉर्निंग देतं). ज्युलिया भाषेतपण असंच फिरतं. जुन्या स्कूटरचं मीटर संपून परत पहिल्यापासनं सुरू व्हायचं तसलं, म्हणून 'फिरणे' म्हणा.

सात रस्ता: ताई, सगळीकडं कुठं फिरतंय? ऑक्टेव्ह, मॅटलॅब या भाषांत १ मिळवला तरी १२७ चं १२७च राहतं, काठाला अडतं. फोटोच्या कामात तेच बरं, २५० च्या ठिपक्यात (तिथं आकडा ० ते २५५ असतो) १० मिळवले तर तिथं २५५ म्हणजे पांढरा, नमपायमध्ये ४ म्हणजे जवळजवळ काळा.

विजापूर रोड: आर भाषा विसरलात की ओ. २१४७४८३६४७ च्या पुढं एक गेलं की एनए (म्हणजे 'किंमत नाही'), वर वॉर्निंग. आकड्यामागं एल लावला असेल तरच हं, नाहीतर तो डबल (दशांशवाला आकडा) असतो, आरामात पुढं जातो. साध्या पायथनला तर हा त्रासच नाही, पूर्णांक मेमरी असेल तेवढा वाढतो.

जुळे सोलापूर: मग 'मर्यादाउल्लंघन' हे नाव, आणि पुढं फिरलं का अडलं ते सांगायचं?

बाळे: पोलिसांची नोटीस वाटती बे ती. हिप्परगा भरला की आमची आजीसुद्धा 'तळं ओव्हरफ्लो झालं' म्हणती. मराठीच झालाय तो शब्द.

शेळगी: आजी आता म्हणत असेल, आधी 'सांडव्यावरनं पाणी पडायलंय' म्हणायचे. सांडवा घ्या की.

सात रस्ता: सांडवा ही जागा आहे, क्रिया नाही. आणि १९९६ ला एरियन ५ मध्ये ६४ बिटचा फ्लोट (तोही दशांशवालाच) १६ बिटच्या पूर्णांकात कोंबला, तिथं फिरलंही नाही अडलंही नाही, एरर आला, तो सांभाळायला कोड नव्हता आणि रॉकेट ४० सेकंदांच्या आसपास फुटलं. त्याला कुठला शब्द लावणार?

विजापूर रोड: बाळेवाले, हिप्परगा नव्हे, एकरूख तलाव.

बाळे: एकच आहे ते.

जुळे सोलापूर: अहो, नोट्स सोमवारी झेरॉक्सला द्यायच्यात.

विजापूर रोड: एकच आहे तर सरकारी कागदात एकरूख का लिहितात मग?