फोटो एडिटिंगसाठी पेन टॅबलेट घ्यावा का माउसच बरा? (पैठणीचे फोटो, थोडे लग्नाचे अल्बम)

जरतारी

नमस्कार मंडळी. मी येवल्याला असते आणि ओळखीतल्या दोन-तीन पैठणीवाल्यांचे फोटो एडिट करून देते, म्हणजे मागचं बॅकग्राउंड काढून पांढरं करायचं, रंग जुळवायचा, पदरावरचे मोर आणि जरीकाम जरा उठून दिसेल असं करायचं, मग ते इन्स्टावर आणि त्यांच्या वेबसाइटवर जातं. लग्नसराईत एका स्टुडिओचे अल्बमही लावून देते. सगळं फोटोशॉपमध्ये, थोडंफार लाइटरूम. लॅपटॉप पंधरा इंची, माउस साधा वायरवाला.

अडचण अशी की जरीवर डॉज-बर्न (म्हणजे ब्रशने काही भाग उजळ, काही गडद) करायला गेलं की पट्टे पडतात, कुठे एकदम पांढरं फट्ट कुठे काहीच नाही, आणि नवरीच्या चेहऱ्यावर केलं तर तिला पावडर फासल्यासारखं दिसतं. वर संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं ते वेगळंच. चुलतभाऊ म्हणतो पेन टॅबलेट (म्हणजे टेबलावर ठेवायची पाटी आणि तिच्यावर चालवायचा पेन) घे, आयुष्य बदलेल. स्टुडिओचे काका म्हणतात ते चित्रकारांचं खेळणं आहे, आपण जन्मभर माउसवरच केलं, काही अडलं नाही. बजेट पाच हजारांच्या आत आहे. माझी चित्रकला म्हणाल तर शाळेत वांगं काढलं तरी बाई विचारायच्या हे काय आहे. तर अशा माणसाला टॅबलेटचा उपयोग होतो का? कोणी खरंच वापरत असेल तर सांगा, यूट्यूबवर सगळेच विकायला बसलेत.

शटरडाऊन

ताई, तुमचे काका अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. तुमच्या कामाचे तुकडे करून बघा. बॅकग्राउंड काढणं हे फोटोशॉपमधल्या पेन टूलचं काम, म्हणजे वस्तूच्या कडेने पाथ मारायचा, पॉइंट टाकायचा, हँडल ओढायचं, पुढे जायचं. हे माउसवरच चांगलं होतं कारण माउस सोडला की जिथल्या तिथे राहतो, आणि पेन टेकवताना टोक एखादा केसभर सरकतंच, हात कितीही बसलेला असो. नाव पेन टूल आहे म्हणून पेननेच करायला हवं असं काही नाही. साडीची घडी, काठाची कड, निऱ्या, सगळं माउसने करा.

अल्बमचं तर बोलायलाच नको. फोटो उचलून पानावर टाकणं, लहानमोठं करणं, नावं टाईप करणं, यात टॅबलेट उलट आडवा येतो. लाइटरूमचे स्लायडर पण तसेच, पेनने बारीक स्लायडर पकडायला गेलं की चिडचिड होते.

राहता राहिलं डॉज-बर्न. तुमचे पट्टे माउसमुळे पडत नाहीत, सेटिंगमुळे पडतात. डॉज टूल वापरूच नका, फोटोवर एक नवीन लेयर म्हणजे थर घ्या, त्यात पन्नास टक्के ग्रे भरा, ब्लेंडिंग सॉफ्ट लाइट करा, आणि त्यावर साध्या मऊ ब्रशने पांढरं-काळं फिरवा. ओपॅसिटी (रंग जास्तीत जास्त किती ठळक) शंभरच ठेवा पण फ्लो (एका फटक्यात किती रंग उतरतो) पार खाली आणा, पाचच्या आसपास, म्हणजे एका फटक्यात काही दिसणारच नाही, चार-पाचदा फिरवलं की हळूहळू चढतं. बहुतेक जण फ्लोला हातच लावत नाहीत आणि मग माउसला शिव्या देतात. शिवाय चुकलं तर तेवढ्या जागी परत ग्रे फिरवायचा, मूळ फोटो शाबूत. आधी हे करून बघा मग पाच हजाराचं ठरवा.

रेघोटी

शटरडाऊन यांचं फ्लोचं एकदम बरोबर, पण "चार-पाचदा फिरवलं की चढतं" हेच तर मनगट भरायचं कारण आहे ना राव. दिवसभरात एका साडीत असे किती फटके होतात बघा.

माउसचं बटण म्हणजे घरातल्या दिव्याचं बटण, चालू नाहीतर बंद. पेनमध्ये दाबाप्रमाणे कमी-जास्त होतं. ब्रशच्या पट्टीत वर दोन छोटी बटणं असतात, एक दाबाने ओपॅसिटी बदलायचं आणि एक दाबाने साइज बदलायचं, त्यातलं ओपॅसिटीवालं चालू करा आणि साइजवालं सुरुवातीला बंदच ठेवा, दोन्ही एकदम चालू केलं की नवीन माणूस गोंधळतो. आता मोराच्या पिसाऱ्यातली एक जरीची रेघ घ्या, ती मधे चमकते आणि दोन्ही टोकांना विझत जाते. पेनने ती एका हातात होते, टेकवलं, दाबलं, सोडत सोडत उचललं. माउसने तेच करायचं तर ब्रश लहान करा, फ्लो बदला, परत फिरवा, टोकाला खोडा. होत नाही असं नाही, पण जीव जातो. चेहऱ्याचंही तेच, डोळ्याखालची सावली, नाकाची कड, ओठाचा कोपरा, सगळीकडे हलकं सुरू होऊन हलकं संपायला हवं, नाहीतर पावडर दिसणारच.

आणि चित्रकलेचा काही संबंध नाही हो. तुम्हाला वांगं काढायचं नाहीये, फोटोत आहे त्याच रेघेवरून हात फिरवायचाय. सही करता येते ना, झालं.

घेताना आकडे बघून भुलू नका. खोक्यावर दाबाच्या पातळ्या 2048, 4096, 8192 असं काय काय लिहिलेलं असतं, फोटोच्या कामात तुम्हाला 2048 आणि 8192 मधला फरक कळणार नाही, मला तर नाही कळत. पेनमध्ये बॅटरी नको एवढं मात्र बघा. वॅकॉम ही जपानी कंपनी 1983 पासून आहे, त्यांच्या पेनला टॅबलेटमधूनच चुंबकीय लहरींनी वीज मिळते, पेन चार्ज करायचा विषयच नाही. आता हुइऑन, एक्सपी-पेन या कंपन्यांचेही बिनबॅटरीचे पेन येतात आणि स्वस्त पडतात. वॅकॉमचा साधा लहान टॅबलेट साधारण 152 बाय 95 मिलिमीटरचा असतो म्हणजे पोस्टकार्डाएवढी जागा, पंधरा इंची लॅपटॉपला तेवढी पुरते. मोठा घेतला तर खांद्यापासून हात हलवावा लागतो आणि टेबलावर चहाला जागा राहत नाही. तुमच्या बजेटात लहान आरामात बसेल. स्क्रीनवाला बिलकुल नको, बजेटबाहेर आहे आणि मान मोडते.

शटरडाऊन

सही करता येणं आणि स्क्रीनकडे बघून हात दुसरीकडे चालवणं यात फरक आहे की. कित्येकांनी घेतलेत आणि आठवड्यात परत खोक्यात घातलेत, आमच्या स्टुडिओतच एक पडलाय.

डावखुरा

खोक्यात जातात त्यातले बरेच सेटिंगमुळे जातात, सांगतो.

एक, मॅपिंग. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये (सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये) जायचं आणि स्क्रीन जितकी रुंद-उंच त्याच प्रमाणात टॅबलेटची जागा लॉक करायची. लॅपटॉप बहुतेक 16:9 असतात आणि बरेच टॅबलेट 16:10 किंवा त्याच्या जवळपास, त्यामुळे न जुळवता वापरलं तर तुम्ही गोल काढला तरी स्क्रीनवर अंडं येतं आणि हाताला कळतच नाही काय बिघडलंय. दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर टॅबलेट एकाच स्क्रीनला बांधा, नाहीतर इंचभर हात हलवला की कर्सर पार पलीकडच्या स्क्रीनवर.

मग ते पाण्यातल्या वर्तुळासारखं येतं ना पेन टेकवून धरलं की, ते विंडोजचं राइट क्लिक आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पेन अँड टचमध्ये जाऊन दाबून धरल्यावर राइट क्लिक होणं बंद करा. काही जण सांगतात ड्रायव्हरमधलं विंडोज इंकच (विंडोजची पेनसाठीची सोय) बंद कर, तसं केलं तर फोटोशॉपमध्ये दाबच येणं बंद होऊ शकतं, मग ब्रश सेटिंगमध्ये पेन प्रेशरच्या शेजारी पिवळा त्रिकोण दिसायला लागतो. तो त्रिकोण दिसला की समजायचं फोटोशॉपला पेन सापडत नाहीये, ब्रशचा दोष नाही.

आणि महत्त्वाचं म्हणजे दुसरा हात रिकामा ठेवू नका. एका हातात पेन, दुसरा कीबोर्डवर, ऑल्ट, स्पेस, कंट्रोल झेड एवढ्यात निम्मं काम होतं. पेनच्या बाजूच्या बटणाला राइट क्लिक लावा, मग ऑल्ट धरून ते बटण दाबून डावी-उजवीकडे ओढलं की ब्रश लहानमोठा होतो आणि वर-खाली ओढलं की कड मऊ-कडक होते. हे हातात बसलं की मग माउस नको वाटतो. मी डावखुरा आहे, ड्रायव्हरमध्ये टॅबलेट उलटा करायची सोय असते, बाकीच्या डावऱ्यांनी घाबरू नये.

आणि हो, निब झिजते. पेनाचं टोक प्लॅस्टिकचं असतं, एका बाजूने तिरकं झालं की बदलायचं, खोक्यात जादा देतात. जोरात दाबायची सवय असेल तर ड्रायव्हरमध्ये दाबाची रेघ मऊ करून घ्या, हलक्या हाताने पूर्ण दाब मिळतो, निबही टिकते आणि बोटंही.

अण्णा_लेन्सवाले

माउस-पेन दोन्ही बाजूला ठेवा, मला एक सांगा फोटो कोण काढतं? कारण जरीकाम चमकवायला इतकं डॉज-बर्न लागतंय म्हणजे बहुतेक समोरून फ्लॅश मारलाय. जरीची तार समोरच्या उजेडात सपाट पिवळी दिसते, उजेड बाजूने, जरा खालच्या कोनातून आला की तीच आपोआप उठते आणि मोराची विणही दिसते. खिडकीशेजारी साडी पसरून दुसऱ्या बाजूला थर्मोकोलची पांढरी शीट उभी करून काढायला सांगा, तुमचं निम्मं रिटचिंग तिथेच वाचेल.

रंगाचं तर टॅबलेटने काडीचंही होणार नाही. पैठणीत धूपछाव असेल तर उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, कोन बदलला की साडीचा रंग बदलतो, मग गिऱ्हाईक म्हणतं फोटोत जांभळी होती आली मोरपंखी. अशा साडीचे दोन कोनांतून दोन फोटो टाकायला सांगा. आणि पहिल्या फोटोत एक ग्रे कार्ड धरायला लावा, त्यावरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसेल अशी रंगाची जुळणी) घ्या आणि तोच बाकी सगळ्यांना लावा. बारीक विणीवर कधीकधी इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात, तो विणीचा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरचा झगडा असतो, तोही काढतानाच थोडं पुढे-मागे होऊन मिटवावा, नंतर निस्तरणं म्हणजे डोकेदुखी.

जरतारी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. अण्णा, फोटो दुकानातले पोरं मोबाइलवर काढतात आणि हो, फ्लॅश मारूनच. तुम्ही इथे बसून कसं ओळखलंत. खिडकीचं सांगते त्यांना, ऐकतील का माहीत नाही.

शटरडाऊन, तुमचा ग्रे लेयर आत्ता करून बघितला, फ्लो पाचवर. पट्टे गेले!! पण रेघोटी म्हणतात तसं एका पदराला हात दुखेपर्यंत फिरवत बसले. म्हणजे आता मला दोघांचंही पटतंय, काय करू. मनगटासाठी पेन खरंच बरा का? आणि काठाच्या सरळ रेघा पेनने वाकड्या नाही का येणार?

रेघोटी

सरळ रेघेला हात लावायचाच नाही. एका टोकाला टेकवा, शिफ्ट धरा, दुसऱ्या टोकाला टेकवा, मधली रेघ फोटोशॉप मारतं. नारळी काठाच्या तिरक्या रेघाही तशाच. हे माउसवरही चालतं, आत्ताच करून बघा.

डावखुरा

मनगटाचं मी डॉक्टर नाही पण एवढं सांगतो, पेन धरल्यावर मनगट आडवं पालथं पडत नाही त्यामुळे बऱ्याच जणांना बरं वाटतं, पण पेन आवळून धरला तर अंगठा दुखायला लागतो. आलटून पालटून वापरणं सगळ्यात चांगलं. पाथ आणि अल्बम माउसने, जर आणि चेहरे पेनने, दोन्ही टेबलावर राहू द्या, एक घेतलं म्हणजे दुसरं टाकायचं असं थोडीच आहे. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर मात्र टॅबलेट-बिबलेट राहू द्या, आधी डॉक्टरला दाखवा.

शटरडाऊन

हे "आलटून पालटून" मान्य. मी टॅबलेटच्या विरोधात नाही, फक्त तो घेतला की बॅकग्राउंड कापणं फटाफट होईल या भरवशावर घेऊ नका एवढंच म्हणणं होतं. ताई, चुलतभावाकडे आहे ना? मग आधी त्याचा आणा की दहा-पंधरा दिवस, पहिल्या दोन दिवसांच्या चिडचिडीवरून ठरवू नका, आणि तेवढ्यात अर्जंट काम पेनवर घेऊ नका. जमला तर लहान घ्या, मुंबईला कोणी जाणारं असेल तर लॅमिंग्टन रोडला हातात धरून बघता येतो, नाहीतर आहेच ऑनलाइन.

जरतारी

त्याचा मोठा आहे, टेबलभर, पण आणते. डावखुरा, त्याच्याकडे निब संपल्यात, तिरक्या झालेल्या निबने चालेल का शिकेपर्यंत?

डावखुरा

थोडी तिरकी चालेल, पण टोक धारदार झालं असेल तर नको, टॅबलेटवर ओरखडे पडतील आणि भाऊ तुमच्या नावाने ओरडेल. निबचं पाकीट स्वस्त असतं, फक्त त्याच मॉडेलच्या पेनची बघून मागवा, सगळ्या एकमेकींना बसत नाहीत.

अण्णा_लेन्सवाले

विषय सोडून विचारतो, ती दुकानं कुठली हो? आमच्या हिला बांगडी मोराची हवीये आणि ही चर्चा वाचून ती आता माझ्या शेजारी येऊन बसलीये. व्यक्तिगत निरोप करा.