तर्कशास्त्रातल्या सिद्धता जमायला काय करावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी बी.ए. तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आकारिक तर्कशास्त्राचा पेपर आहे. सत्यता कोष्टकं (विधान कधी खरं, कधी खोटं ते दाखवणारे तक्ते) जमतात. चार चलं, म्हणजे अ, ब, क, ड अशी चार साधी विधानं असली की 16 ओळी, वेळखाऊ पण सरळ काम. गाडी अडते ती सिद्धतांपाशी, म्हणजे दिलेल्या विधानांवरून एकेक नियम लावत निष्कर्षापर्यंत पोचण्यापाशी. अनुमानाचे 9 आणि प्रतिस्थापनाचे 10 असे सगळे नियम पाठ आहेत, पण कुठला कधी लावायचा हेच सुचत नाही.

परवा ‘अ किंवा ब असेल तर क’ यावरून ‘अ असेल तर क’ सिद्ध करायचं होतं. डी मॉर्गन, वितरण असे प्रतिस्थापनाचे नियम लावत माझ्या सात पायऱ्या झाल्या. मैत्रिणीने सरळ ‘अ’ गृहीत धरला, त्यावरून ‘अ किंवा ब’ आणला, की लगेच ‘क’ हातात! सोपाधिक सिद्धता, म्हणजे ‘असेल तर’चा आधीचा भाग गृहीत धरून पुढचा मिळवायची ही पद्धत, किती सुंदर आहे हे तेव्हा कळलं. पण ती तिथेच वापरायची हे दिसतं कसं?

ज्यांनी हा पेपर दिलाय त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही निष्कर्षाकडून उलटं मागे येता का? अकरावी-बारावीला माझा हा विषय नव्हता, त्यामुळे मराठीतून सरावाची उदाहरणं कुठे मिळतील तेही कळवा. कॉम्प्युटर शाखेच्या मंडळींनीही जरूर लिहा.