मदत हवी आहे : थायोग्लायकोलेट नळीतील वाढीचा अर्थ कसा लावावा?

घरगुती दह्यातून वेगळ्या केलेल्या, ग्रॅम-पॉझिटिव्ह व दंडाकार जिवाणूचे ऑक्सिजनशी नेमके नाते मला ठरवायचे आहे. द्रव थायोग्लायकोलेट माध्यमात (यात ऑक्सिजन वरच्या थरात असतो व तळाकडे जवळजवळ नसतो) ३७ अंश सेल्सिअसला २४ तासांनंतर त्याची वाढ नळीभर जवळजवळ सारखी दिसते, तर तुलनेसाठी लावलेल्या नळीत ई. कोलाय (फॅकल्टेटिव्ह, म्हणजे ऑक्सिजन असल्यास तो वापरणारा व नसल्यासही वाढणारा जिवाणू) वरच्या बाजूस स्पष्टपणे दाट आहे. माध्यम वापरण्यापूर्वी उकळून थंड केले होते आणि रेझाझुरिनचा (ऑक्सिजन असलेल्या भागात गुलाबी होणाऱ्या सूचक रंगाचा) गुलाबी पट्टा वरच्या थोड्या भागापुरताच होता. ताज्या वाढीवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून केलेली कॅटलेज चाचणी (पेरॉक्साइड मोडून बुडबुडे काढणारे विकर आहे का हे पाहणारी) नकारात्मक आली.

यावरून हा जिवाणू एरोटॉलरंट, म्हणजे ऑक्सिजन न वापरता केवळ सहन करणारा, असावा असे वाटते. परंतु या माध्यमात ग्लुकोज असल्याने फॅकल्टेटिव्ह जिवाणूही किण्वनावर (ऑक्सिजनविना साखर मोडून) तळापर्यंत चांगला वाढतो, म्हणून केवळ दाटपणावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. अनॅरोबिक (ऑक्सिजनविरहित) जार उपलब्ध नाही. मेणबत्तीचा जार (बंद बरणीत मेणबत्ती जाळून ऑक्सिजन कमी करणारा) आहे, पण त्यात पुष्कळ ऑक्सिजन शिल्लक राहत असल्याने तो सुचवू नये. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होईल अशा कोणत्या चाचणीने ऑक्सिजन वापरणारा आणि केवळ सहन करणारा यांतील फरक खात्रीने दाखवता येईल?